झाडावर चढण्यापूर्वीं

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञानें किंवा वकिलानें बोलावा असा आहे; आणि मी त्यांपैकीं कोणीच नाहीं. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन सारा जन्म मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यांत घालविलेला मी एक निवृत्त शिक्षक. मग हा विषय मीं कां घेतला? याचें उत्तर असें कीं, माझ्या डोक्यावर एक जुनें ऋण आहे. तें एका झाडाचें आहे, आणि त्याहूनहि अधिक तें माझ्या सांगण्यावरून त्या झाडावर चढलेल्या एका माणसाचें आहे.

विलायतेंत झाडांच्या फांद्या छाटणें, रोगट भाग काढणें, धोक्याचें झाड उतरविणें हीं कामें करणाऱ्यास 'वृक्षांचा शस्त्रवैद्य' अशा अर्थाचें नांव आहे आणि त्या विद्येचें रीतसर शिक्षणहि आहे. आपल्याकडे हें काम करणारा मनुष्य बहुधा कोयता, करवत आणि दोर एवढ्या भांडवलावर, बापाच्या किंवा चुलत्याच्या हाताखालीं तयार होतो. कोंकणांत नारळीवर चढणाऱ्या पाडेल्याला निदान नांव तरी आहे. शहरांतून झाडें छाटीत फिरणाऱ्याला तेंहि नाहीं. आजचें माझें भाषण त्याच्यासाठीं आहे. आणि जो त्याला बोलावून काम सांगतो, त्या घरमालकासाठीं, गृहसंस्थेच्या चिटणिसासाठीं आणि माझ्यासारख्या गुरुजींसाठींहि आहे.

प्रथम माझी हकीकत सांगतों. गोष्ट २००३ सालची. मी तेव्हां एका नगरपालिकेच्या गांवीं मुख्याध्यापक होतों. शाळेच्या आवारांत पर्जन्यवृक्षाचें एक जुनें झाड होतें. त्याचा विस्तार छत्रीसारखा. चार वर्ग एकाच वेळीं त्याच्या सावलींत बसत. जूनच्या पहिल्या आठवड्यांत, शाळा उघडण्यापूर्वीं, माझ्या मनानें घेतलें कीं पावसाळ्यांत एखादी फांदी मुलांच्या अंगावर पडेल. हेतु वाईट नव्हता. मीं या कामांत मुरलेल्या एका प्रौढ गृहस्थांना बोलाविलें आणि म्हटलें, "वरचें सगळें उतरवा. बुंधा आणि जाड फांद्यांचे खुंट तेवढे राहूं द्या."

ते झाडाभोंवतीं एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "गुरुजी, एवढें बोडकें करूं नये. दोन वाळक्या फांद्या आहेत, त्या काढतों. आणि वर बगळ्यांचीं घरटीं दिसतात. नगरपालिकेचा कागद घेतला आहे ना?"

मीं उत्तर दिलें, "कागदाचें मी पाहतों. तुम्ही सांगितलें तेवढें करा."

गरीब माणूस; दोन दिवसांची मजुरी; समोर गांवांतले गुरुजी. ते चढले. दोन दिवसांत झाड बोडकें झालें, आणि वंचक बगळ्यांचीं घरटीं अंड्यांसह खालीं आलीं. तिसऱ्या दिवशीं कोणी तरी तक्रार केली. चौकशीला आलेल्या मंडळींनीं पहिला प्रश्न विचारला तो, "करवत कोणाची?" करवत त्यांची, दोर त्यांचा, हात त्यांचे. दोन्ही वस्तु पंचनामा करून नेल्या. माझा जबाब शाळेंत येऊन, मला खुर्चीवर बसवून घेतला. त्यांना मात्र कचेरींत तीन वेळां खेटे घालावे लागले. दंड अखेर मीं भरला. परंतु पावसापूर्वींचे जे पंधरा दिवस त्यांच्या ऐन कमाईचे, ते वायां गेले. ज्या दिवशीं मीं "हा हुकूम माझा होता, आणि यांनीं मला आधींच सावध केलें होतें" असें सांगावयास हवें होतें, त्या दिवशीं मीं वाक्याचा पूर्वार्ध तेवढा सांगितला. उत्तरार्ध गिळला.

आतां झाडाचें ऐका. दुसऱ्या वर्षीं त्या खुंटांना इतके फुटवे आले कीं, "पाहा, झाड कसें तजेलदार झालें!" असें मी येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत असें. नऊ वर्षांनीं, २०१२ च्या पावसाळ्यांत, एका रविवारीं, त्यांतलाच एक मांडीएवढा झालेला फुटवा बुडासकट सोलवटून खालच्या बाकावर पडला. रविवार होता म्हणून बाकावर कोणी नव्हतें. खुंटाच्या आंत पाहिलें तों लांकडाचा भुसा झालेला. ज्या अपघाताच्या भीतीनें मीं झाड छाटविलें, तो अपघात मींच पेरून ठेविला होता.

असें कां झालें, हें मला पुढें वाचनानें कळलें. आपली अशी समजूत असते कीं, माणसाच्या जखमेप्रमाणें झाडाची जखम भरून येते. तसें होत नाहीं. झाडाची जखम भरत नाहीं. ती झांकली जाते. अमेरिकेच्या वनखात्यांतील संशोधक ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनीं हजारों झाडें चिरून हें दाखवून दिलें. जखम झाली कीं झाड तिच्याभोंवतीं आंतून भिंती घालतें, कुजका भाग कोंडून टाकतें आणि बाहेरून नवें लांकूड वाढवून तोंड बंद करूं पाहतें. आपण कापतांना या कामीं साह्य करतों कीं अडथळा, एवढाच प्रश्न उरतो.

तो निकाल एका बोटाच्या अंतरावर होतो. फांदी जेथें खोडास मिळते तेथें नीट पाहा. तेथें साल जराशी फुगलेली, सदऱ्याच्या गळपट्टीसारखी दिसते. ही गळपट्टी खोडाची आहे, फांदीची नव्हे. आणि जखम झांकण्याचें सामर्थ्य तिच्यांतच असतें. म्हणून फांदी कापावी ती या गळपट्टीच्या लगत, परंतु बाहेरून. खोडाशीं अगदीं सपाट कापलें तर गळपट्टीच नाहींशी होते. हातभर खुंट ठेवला तर जखम झांकलीच जात नाहीं. खुंट कुजतो आणि ती कीड खोडांत उतरते.

जड फांदी एकाच घावांत कधीं कापूं नये; ती आपल्या भारानें मोडते आणि खोडाची हातभर साल ओढून नेते. तीन काप घ्यावे. पहिला काप खोडापासून सुमारें फूटभर अंतरावर, खालच्या बाजूनें, फांदीच्या एक-तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या किंचित् पुढें, वरून. म्हणजे फांदी खालच्या कापापाशीं मोडून सुटते आणि साल सोलत नाहीं. मग उरलेला हलका खुंट तिसऱ्या कापानें गळपट्टीच्या बाहेर उतरवावा. फांदीखालीं घर, भिंत किंवा तार असेल तर ती आधीं दोरानें बांधून तुकड्यातुकड्यांनीं खालीं सोडावी.

कापलेल्या जागीं डांबर फांसण्याची चाल आपल्याकडे फार आहे. शायगो यांचे प्रयोग सांगतात कीं, अशा लेपानें कुजणें थांबत नाहीं. आंब्यासारख्या फळझाडांना बुरशीच्या भयानें बागाईतदार बोर्डो मलम लावतात, ती गोष्ट निराळी. सावलीच्या झाडाला स्वच्छ, नेमका काप हेंच औषध. एका वर्षांत पालवीचा चौथा हिस्सा काढला तरी तो पुष्कळ झाला, कारण पान हें झाडाचें स्वयंपाकघर आहे. आणि शेंडा मारून झाड बोडकें करणें हा तर सर्वांत मोठा प्रमाद. त्यानंतर येणारे फुटवे खोडाच्या गाभ्यांतून निघत नाहींत. ते सालीच्या लगतच्या थरावर नुसते चिकटलेले असतात. ते वाढतात भरभर आणि मोडतातहि तसेच. माझ्या शाळेंतल्या बाकावर पडलेला फुटवा तो हाच.

वरच्या फांद्यांइतकाच विचार खालच्या मुळांचा करावा. झाडाचीं बहुतेक मुळें आपण समजतों तशीं खोल जात नाहींत. तीं वरच्या दोनतीन फुटांत, पसाऱ्याच्याहि बाहेरपर्यंत आडवीं पसरलेलीं असतात. बुंध्याजवळ नळासाठीं किंवा तारेसाठीं चर खणला, कीं झाडाचा एक पाय तुटला असें समजावें. तें त्या दिवशीं पडत नाहीं, जुलईच्या वाऱ्यांत पडतें. तीच गोष्ट बुंध्याला खेटून ओतलेल्या सिमेंटची. दिल्लींत अशा झाडांभोंवतींचें एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढून टाकावें, असा हुकूम राष्ट्रीय हरित लवादानें २०१३ सालीं दिला होता.

आतां कायद्याकडे वळूं. झाडाविषयींचा कायदा ही आजकालची टूम आहे असें कोणी समजूं नये. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडासंबंधीं ताकीद आहे. आंबा-फणसाला हात लावूं नये, कारण लोकांनीं तीं झाडें लेकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें जीर्ण झाड घ्यावेंच लागलें तर धन्याला राजी करून व मोल देऊन घ्यावें, असा तिचा आशय आहे. आजच्या कायद्याचा आत्मा याहून फारसा निराळा नाहीं. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: झाड कोणाचें? झाड कोठें? आणि कागद कोठें?

झाड कोणाचें, हा प्रश्न साधा वाटतो. पण तो चुकला तर काय होतें तें पाहा. १८६० च्या दंडसंहितेंत चोरी म्हणजे काय हें समजावितांना पहिलेंच उदाहरण झाडाचें होतें. दुसऱ्याच्या जमिनींतलें झाड लबाडीनें नेण्याच्या इराद्यानें कापलें, तर तें बुंध्यापासून वेगळें होतांक्षणींच चोरी पुरी होते; गाडींत भरून न्यावें लागत नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतहि तें उदाहरण कायम आहे. सांगणाऱ्याचा इरादा तुम्हांला ठाऊक नसतो. म्हणून झाड हद्दीच्या आंत आहे कीं बाहेर, हें शेजाऱ्यासमक्ष पाहून घ्यावें.

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या अंगणांत आली तर आपल्या हद्दीपुरती ती छाटतां येते, हें तत्त्व इंग्लंडांत उमरावांच्या सभेनें लेमन विरुद्ध वेब या खटल्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मान्य केलें, आणि आपल्याकडील न्यायालयांनींहि तें स्वीकारलें आहे. परंतु फांदी कापण्याचा हक्क म्हणजे शेजाऱ्याच्या आवारांत शिरण्याचा हक्क नव्हे, आणि कापलेलें लांकूड वा फळ घरीं नेण्याचाहि नव्हे. शिवाय शहरांत या हक्कावर परवानगीचें बंधन आहे, तें आतां सांगतों.

झाड कोठें, हा दुसरा प्रश्न त्यासाठींच. महाराष्ट्रांत शहरांकरितां १९७५ चा झाडांचें संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्याप्रमाणें महापालिकेंत किंवा नगरपालिकेंत वृक्ष प्राधिकरण असतें, आणि झाड आपल्या स्वतःच्या अंगणांतलें असलें तरी त्याच्या परवानगीवांचून तें तोडतां येत नाहीं. या कायद्यांत 'तोडणें' या शब्दाचा अर्थ मोठा आहे: जाळणें, कापणें किंवा कोणत्याहि प्रकारें इजा करणें हें सर्व त्यांत येतें. "मीं झाड पाडलें नाहीं, नुसतें बोडकें केलें" हा बचाव म्हणूनच लंगडा पडतो. बुंध्यांत तेजाब ओतणें किंवा साल गोल काढून झाड वाळविणें यांची तर गोष्टच नको. २०२१ सालीं या कायद्यांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षें व त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'प्राचीन वृक्ष' म्हणून विशेष संरक्षण मिळालें. आणि झाड तोडण्याची परवानगी मिळाली तर त्याच्या वयाइतकीं नवीं झाडें लावण्याचें बंधन आलें. साठ वर्षांचें झाड, तर साठ रोपें.

खेड्यांत व शेतांत निराळा कायदा आहे. तो १९६४ चा, झाडें तोडण्याच्या नियमनाचा. त्याच्या अनुसूचींत साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, अंजन अशीं झाडें आहेत. तीं आपल्या बांधावरचीं असलीं तरी परवानगीशिवाय तोडतां येत नाहींत.

तिसरा प्रश्न कागदाचा. शहराच्या कायद्यांत शिक्षा झाड तोडणाऱ्याला आहे, तशीच तोडविणाऱ्यालाहि आहे. माझ्या प्रकरणांत जें घडलें तें कायद्याच्या शब्दामुळें नव्हे. करवत ज्याच्या हातीं दिसते त्याला लोक आधीं धरतात म्हणून घडलें. यास्तव "परवानगी आहे" या तोंडच्या शब्दावर चढूं नका. कागद हातांत घ्या. वाचतां येत नसेल तर घरांतल्या शाळकरी मुलाकडून वाचवून घ्या. त्यावर कोणतें झाड, किती झाडें, छाटणी कीं तोड, आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढें पाहा. छाटणीच्या परवान्यावर झाड पाडणें हा गुन्हाच आहे. कागदाची एक प्रत खिशांत ठेवा, आणि काम सुरू करण्यापूर्वीं व संपल्यावर झाडाचें एकेक छायाचित्र काढून ठेवा; आजकाल प्रत्येकाच्या खिशांत तें यंत्र असतें.

याखेरीज दोन गोष्टी. पहिली पांखरांची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत 'शिकार' या शब्दांत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणें आणि घरटीं विस्कटणें हेंहि येतें. म्हणून चढण्यापूर्वीं झाडाखालीं दहा मिनिटें स्वस्थ उभें राहून वर पाहावें. घरटें दिसलें तर काम पुढें ढकलावें व वृक्ष अधिकाऱ्यास कळवावें. दुसरी विजेच्या तारांची. तारेंत अडणारें झाड काढण्याची रीत २००३ च्या विद्युत् अधिनियमांत सांगितली आहे: वीज पुरविणाऱ्या संस्थेनें अर्ज करावा व कार्यकारी दंडाधिकाऱ्यानें किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यानें झाडाची व्यवस्था लावावी, आणि झाड तारेच्या आधींपासूनचें असेल तर धन्याला भरपाई देतां येते. म्हणजे तारेंतली फांदी मोकळी करणें हें घरमालकाचें काम नव्हे, आणि त्याच्या शब्दावर चढणाऱ्याचें तर मुळींच नव्हे. ओली फांदी वीज वाहून नेते; तारेला स्पर्श करावाच लागतो असें नाहीं. वीजमंडळाचा माणूस येऊन प्रवाह बंद करीपर्यंत आणि काम संपेपर्यंत तो खालीं उभा राहीपर्यंत चढूं नये.

शेवटीं स्वतःच्या जीवासंबंधीं. चढण्यापूर्वीं बुंध्याभोंवतीं फिरा. मुळाशीं अळंबी उगवली आहे का, जमिनीला चीर गेली आहे का, ढोली किती खोल आहे, हें पाहा. कोयत्याच्या मुठीनें ठोका, पोकळ झाड आवाजानें सांगतें. आग्या मोहोळ असेल तर परत फिरा. शेवगा, पांगारा, गुलमोहर यांच्या फांद्यांवर भरंवसा ठेवूं नका. वाळक्या फांदीला आपला दोर कधीं बांधूं नका. शिरस्त्राण व कमरपट्टा घेतल्याशिवाय चढूं नका, आणि एकटे तर कधींच नाहीं; खालचा माणूस लोकांना दूर ठेवण्यासाठींच असावा, त्यानें दुसरें काम करूं नये. यंत्रकरवत एका हातानें, शिडीवर उभें राहून किंवा खांद्याच्या वर उचलून चालवूं नये. पाऊस पडत असतां किंवा वारा सुटला असतां मजुरी बुडाली तरी चालेल. आणि बँकेंत खातें असेल तर २०१५ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेंत नांव घाला. १८ ते ७० वर्षें वयाच्या माणसाला वर्षाला वीस रुपयांत दोन लक्षांचा अपघाती विमा त्यांत मिळतो. वीस रुपयांत आज दोन चहा होतात.

श्रोते हो, हें सर्व ज्ञान पुस्तकांतून गोळा करावयास मला पुष्कळ वर्षें लागलीं. पण त्यांतलें सार त्या गृहस्थांनीं २००३ च्या जूनमध्यें झाडाभोंवतीं एकच फेरी मारून मला तीन वाक्यांत सांगितलें होतें: बोडकें करूं नये, घरटीं आहेत, कागद कोठें आहे. निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या घरीं गेलों आणि गिळलेला उत्तरार्ध त्यांच्या मुलासुनांच्या देखत सांगून टाकला. ते हंसले आणि म्हणाले, "गुरुजी, चूक माझीहि होतीच. ठाऊक होतें, तर 'नाहीं' म्हणायचें होतें मीं."

मी त्यांना तेव्हांच म्हटलें, आणि आज सर्वांसमक्ष पुन्हां म्हणतों: ज्याच्या घरीं चूल त्या दिवसाच्या मजुरीवर पेटते, त्याला 'नाहीं' म्हणणें सोपें नसतें. म्हणून तें त्याला म्हणावें लागूं नये, ही जबाबदारी काम सांगणाऱ्याची आहे. तुमच्या दारचें झाड छाटावयाचें असेल, तर माणूस बोलावण्यापूर्वीं कागद आणा, माणूस आला म्हणजे त्याला आधीं विचारा, "या झाडाला काय करावें असें तुम्हांला वाटतें?" आणि तो सांगेल तें ऐका. आणि झाडावर चढणाऱ्या माझ्या बांधवांनो, कागद दिसेपर्यंत दोर सोडूं नका. कोणी गुरुजी रागावले, तर रागावूं द्या.